भेसळ सिद्ध करायला शिकवणारा रसायनज्ञ

कायदा केला म्हणून भेसळ थांबत नाही, हे भारतीय वाचकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. मिरपुडीत काही तरी मिसळले असावे असा संशय येणे ही एक गोष्ट. ते प्रयोगशाळेत दाखवून देणे ही दुसरी आणि न्यायालयात टिकेल अशा रीतीने सिद्ध करणे ही तिसरी. या तिन्हींमधले अंतर माणसांनाच कापावे लागते. नमुना कसा घ्यायचा, त्यावर मोहोर कशी लावायची, कोणत्या पद्धतीने तो तपासायचा आणि आलेला निष्कर्ष उलटतपासणीत कसा उभा ठेवायचा हे शिकलेली माणसे नसतील, तर उत्तमातला उत्तम कायदाही कपाटात पडून राहतो. अशी माणसे आणि त्यांच्या हाती देण्याजोग्या पद्धती घडवण्यात ज्यांनी अर्धे आयुष्य घातले, ते हार्वे वॉशिंग्टन वायली अमेरिकेत अन्नशुद्धीच्या कायद्याचे जनक म्हणून ओळखले जातात. ते मुळात शिक्षक होते, याचा विसर मात्र त्यांच्या चाहत्यांनाही पडतो.

वायली यांचा जन्म १८ ऑक्टोबर १८४४ रोजी इंडियाना राज्यातील केंट या खेड्याजवळ, ओंडक्यांनी बांधलेल्या एका घरात झाला. वडील शेतकरी होते, धर्मोपदेश करीत आणि शाळाही चालवीत. गुलामगिरीला कडवा विरोध करणारे ते घराणे होते आणि दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना उत्तरेकडे जाण्यास या घरातून मदत होत असे. लोकमत काय आहे याची पर्वा न करता आपल्याला जे खरे वाटते त्याला चिकटून राहायचे, हा वारसा मुलाने पुरेपूर उचलला. त्याचा लाभ त्यांना झाला तसा पुढे तोटाही झाला. हॅनोव्हर महाविद्यालयात शिकत असताना १८६४ मध्ये यादवी युद्धात शंभर दिवसांच्या भरतीतून त्यांनी सैनिक म्हणून काम केले. १८६७ मध्ये पदवी, १८७१ मध्ये वैद्यकीची पदवी, १८७३ मध्ये हार्वर्डची विज्ञान पदवी असा त्यांचा शैक्षणिक प्रवास आहे. डॉक्टर होऊनही त्यांनी दवाखाना थाटला नाही. त्यांना शिकवायचे होते. लॅटिन आणि ग्रीक शिकवून झाल्यावर ते रसायनशास्त्राकडे वळले आणि १८७४ मध्ये नव्याने सुरू झालेल्या पर्ड्यू विद्यापीठात रसायनशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. विद्यार्थ्याने केवळ व्याख्यान ऐकायचे नाही, परीक्षानळी स्वतः हाताळायची, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात ही पद्धत नवीच होती.

१८७८ मध्ये ते जर्मनीला गेले. बर्लिनमध्ये हॉफमन यांची व्याख्याने त्यांनी ऐकली, परंतु त्यांच्या आयुष्याला वळण लागले ते तिथल्या साम्राज्य आरोग्य कार्यालयाच्या प्रयोगशाळेत. बाजारातील खाद्यपदार्थ तपासणे हे तिथे सरकारी काम होते आणि ते करणाऱ्या माणसांना त्याचे रीतसर शिक्षण दिले जाई. वायली यांनी तिथे पोलरीस्कोप हाताळायला शिकून घेतले. साखरेच्या द्रावणातून जाणारा ध्रुवित प्रकाश किती अंशाने वळतो हे या यंत्रात मोजता येते आणि त्यावरून साखर कोणती व किती ते कळते. मायदेशी परतताना त्यांनी हे उपकरण सोबत आणले. इंडियानाच्या आरोग्य मंडळाने त्यांना राज्यात विकल्या जाणाऱ्या साखरा आणि पाक तपासायला सांगितले, तेव्हा मेपलचा पाक म्हणून विकला जाणारा बराचसा माल मक्यापासून बनवलेल्या स्वस्त ग्लुकोजचा असल्याचे त्यांना आढळले.

याच सुमारास त्यांच्या हातून एक चूकही घडली. १८८१ मध्ये एका लोकप्रिय विज्ञान मासिकात लिहिताना, मेणाऐवजी पॅराफिनचे बनावट पोळे करून त्यात ग्लुकोज भरतात व ते मध म्हणून विकतात, असे त्यांनी लिहून टाकले. प्रत्यक्षात असा माल कोणी दाखवू शकले नाही. मधपाळ खवळले. आपण ते गमतीने लिहिले होते, असा खुलासा वायली यांनी नंतर केला, पण त्यांच्यावरचा खोटेपणाचा ठपका मधपाळांच्या नियतकालिकांतून अनेक वर्षे फिरत राहिला. ज्या माणसाने पुढे तपासल्यावाचून आरोप करायचा नाही असा दंडक शेकडो रसायनज्ञांना घालून दिला, त्यालाही तो दंडक असा ठेच लागूनच समजला असावा.

पर्ड्यूमध्ये त्यांचे व्यवस्थापनाशी फारसे जमले नाही. ते उंच चाकाच्या सायकलवरून विद्यापीठात येत, विद्यार्थ्यांबरोबर बेसबॉल खेळत. प्राध्यापकाला हे शोभत नाही, म्हणून विश्वस्तांनी त्यांना बोलावून समज दिली. वायली यांनी तिथल्या तिथे राजीनामा लिहून दिला आणि विश्वस्तांना तो परत करावा लागला. विद्यापीठाचे अध्यक्षपद रिकामे झाले तेव्हा मात्र तरुण आणि अविवाहित असलेल्या या प्राध्यापकाचा विचार झाला नाही. वॉशिंग्टनहून आलेला निरोप त्यामुळे योग्य वेळी आला. १८८३ च्या एप्रिलमध्ये ते अमेरिकेच्या कृषी खात्याचे मुख्य रसायनज्ञ झाले.

नेमणूक झाली होती ती साखरेसाठी. गोड धाटाच्या ज्वारीपासून साखर काढून देशाची गरज भागवता येईल, अशी मोठी आशा तेव्हा सरकारला होती. वायली यांनी काही वर्षे तो प्रयोग इमानाने केला. तो यशस्वी झाला नाही. मात्र या पदावर आल्यावर दीड वर्षाच्या आतच, सप्टेंबर १८८४ मध्ये, फिलाडेल्फियात सरकारी कृषी रसायनज्ञांची जी संघटना स्थापन झाली, तिचे महत्त्व ज्वारीच्या साखरेहून कितीतरी मोठे ठरले. वायली तिच्या संस्थापकांपैकी एक. १८८६ मध्ये ते तिचे अध्यक्ष झाले आणि १८८९ पासून १९१२ पर्यंत सचिव राहिले.

या संघटनेची गरज खतांमुळे निर्माण झाली. एकाच पोत्यातले खत दोन रसायनज्ञांना दिले की दोघांची उत्तरे वेगळी येत. शेतकऱ्याचा रसायनज्ञ म्हणे फॉस्फरस कमी आहे, कंपनीचा म्हणे पुरेसा आहे आणि न्यायाधीश दोघांकडे पाहत बसे. दोघांपैकी कोणी खोटे बोलत होते असे नाही. दोघांच्या पद्धती वेगळ्या होत्या. संघटनेने त्यावर साधा तोडगा काढला. एकच नमुना निरनिराळ्या प्रयोगशाळांना पाठवायचा, एकाच लेखी पद्धतीने तो सर्वांनी तपासायचा आणि उत्तरे जुळली तरच ती पद्धत अधिकृत मानायची. नाही जुळली तर पद्धत सुधारायची आणि पुन्हा नमुने पाठवायचे. खतांवरून ही रीत दुधावर गेली, लोण्यावर गेली, मद्य आणि मसाल्यांवर गेली. त्यात एक मोठे शिक्षणही दडलेले होते. दूरच्या एखाद्या राज्यातला एकटा रसायनज्ञ दरवर्षी आपले उत्तर इतरांच्या उत्तरांशी ताडून पाहू लागला आणि आपला हात कुठे चुकतो ते त्याला कळू लागले. ही संघटना आज वेगळ्या नावाने काम करते आणि तिच्या पद्धती भारतातल्या अन्नचाचणी प्रयोगशाळांतही रोज वापरल्या जातात. अधिकृत चाचणी पद्धत हा शब्द आज रूक्ष वाटतो, पण भेसळीच्या खटल्यात वकिलाचा पहिला हल्ला तिच्यावरच होतो.

वायली यांच्या विभागाने १८८७ पासून अन्नपदार्थ आणि त्यांतील भेसळ या विषयावर अहवालांची एक मालिका काढायला सुरुवात केली. ती १९०२ पर्यंत दहा भागांत चालली. दूध-लोणी, मसाले, मद्ये, डुकराची चरबी, बेकिंग पावडर, साखर व मध, चहा-कॉफी, डबाबंद भाज्या असा एकेक प्रांत त्यांनी घेतला. मसाल्यांत नारळाच्या करवंट्यांची पूड निघाली, चरबीत सरकीचे तेल निघाले, लोण्याच्या नावाखाली ओलिओमार्गरिन निघाले, डबाबंद वाटाण्यांना हिरवा रंग देण्यासाठी मोरचूद वापरल्याचे दिसले. हे अहवाल सनसनाटी नव्हते. पदार्थ शुद्ध असेल तर त्याचे गुणधर्म काय असतात, तो कसा तपासायचा, बाजारातल्या नमुन्यांत काय आढळले, असे पाठ्यपुस्तकासारखे त्यांचे स्वरूप होते. कृषी पदार्थांच्या विश्लेषणावर वायली यांनी तीन खंडांचा ग्रंथही लिहिला आणि वॉशिंग्टनच्या विद्यापीठात ते अध्यापन करीत राहिले. खात्यात येणारे तरुण रसायनज्ञ याच शाळेत तयार होत.

यातील बरीचशी भेसळ जिवाला धोकादायक नव्हती, हेही वायली स्पष्ट सांगत. करवंटीची पूड खाऊन कोणी मरत नाही. त्यांचा मुख्य आक्षेप फसवणुकीवर होता. ग्राहकाने ग्लुकोज हवे तर ग्लुकोज म्हणून विकत घ्यावे, मेपलचा पाक म्हणून नव्हे. डब्यावर जे लिहिले आहे तेच डब्यात असले पाहिजे, एवढीच मागणी त्यांनी पहिली पंधरा-वीस वर्षे लावून धरली. ही मागणी जितकी साधी होती तितकीच तपासता येण्याजोगी होती आणि एखाद्या नवशिक्या निरीक्षकालाही ती शिकवता येत होती. अमेरिकी संसदेत मात्र या काळात डझनावारी विधेयके आली आणि बुडाली. दारूचे मिश्रण करणारे, पेटंट औषधवाले, ग्लुकोजवाले आणि राज्यांच्या अधिकारांत केंद्राने हात घालू नये असे म्हणणारे दक्षिणेतले सदस्य, यांची एकजूट भक्कम होती.

सर्वसामान्य माणसाला वायली यांचे नाव माहीत झाले ते १९०२ मध्ये, आणि तेही अहवालांमुळे नव्हे. परिरक्षक म्हणून खाद्यपदार्थांत घातल्या जाणाऱ्या रसायनांचा माणसावर काय परिणाम होतो हे पाहण्यासाठी संसदेने त्यांना पाच हजार डॉलर मंजूर केले. वायली यांनी खात्याच्या इमारतीच्या तळघरात स्वयंपाकघर आणि भोजनगृह थाटले आणि खात्यातील बारा तरुण कर्मचारी स्वयंसेवक म्हणून निवडले. त्यांना वेतन नव्हते, फक्त जेवण फुकट होते. बाहेर काही खायचे नाही, अशी त्यांनी लेखी हमी दिली. रोज वजन, नाडी आणि तापमान नोंदवले जाई, मलमूत्र गोळा करून तपासले जाई. पहिला क्रमांक टाकणखाराचा, म्हणजे बोरॅक्सचा लागला. तो आधी लोण्यात मिसळला. तरुणांना ते ओळखू येऊन त्यांनी लोणी खाणे सोडले. मग तो दुसऱ्या पदार्थांत लपवला, तेही टाळले जाऊ लागले. शेवटी तो सरळ कॅप्सूलमध्ये घालून जेवणासोबत देण्यात आला. पुढे सॅलिसिलिक आम्ल, सल्फाइटे, बेंझोएट, फॉर्माल्डिहाइड, मोरचूद आणि सोरा यांची पाळी आली. पाच वर्षे हे चालले. डोकेदुखी, पोटदुखी, भूक मंदावणे अशा तक्रारी येत. काही चाचण्या तर स्वयंसेवक आजारी पडू लागल्याने आधीच थांबवाव्या लागल्या.

‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या एका तरुण वार्ताहराने या मंडळींना ‘विषपथक’ असे नाव दिले आणि ते देशभर गाजले. नाट्यगृहांतून त्यांच्यावर गाणी झाली. वायली प्रारंभी वैतागले. वृत्तपत्रांना बातम्या देण्यास त्यांनी बंदीही घातली. पण या थट्टेतूनच, आपण रोज काय खातो, हा प्रश्न घरोघरी पोहोचतो आहे हे त्यांनी लवकरच ओळखले. शास्त्रीय कसोटीवर मात्र हा प्रयोग दुबळा होता, हे आज मान्य करायला हवे. रसायन न खाणारा, तुलनेसाठीचा वेगळा गट त्यात नव्हता. बारा ही संख्या अगदीच तुटपुंजी होती. आपण काय गिळतो आहोत हे माहीत असलेल्या माणसाच्या डोकेदुखीवरून निष्कर्ष काढणे अवघड असते. खते आणि लोणी यांच्या बाबतीत जो माणूस पाच-दहा प्रयोगशाळांची उत्तरे जुळल्याशिवाय पुढे जात नसे, त्याने इथे एकाच तळघरातील निष्कर्षांवर फार मोठा भार टाकला.

कायद्याला खरे बळ मिळाले ते स्त्रियांच्या मंडळांकडून. देशभरातील महिला मंडळांच्या महासंघाने आणि न्यू जर्सीतील ॲलिस लेकी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी हा प्रश्न हाती घेतला. वायली गावोगाव जाऊन त्यांच्यापुढे व्याख्याने देत. १९०४ मध्ये सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात राज्यांच्या अन्न रसायनज्ञांनी भेसळीच्या मालाचे एक दालनच मांडले. खाद्यपदार्थांतून काढलेल्या डांबरी रंगांनी रेशमाचे आणि लोकरीचे तुकडे रंगवून तिथे टांगले होते. व्याख्यानाने जे झाले नसते ते त्या रंगीबेरंगी चिंध्यांनी केले.

त्यानंतर दोन वर्षांनी, १९०६ मध्ये, खात्याने एक छोटी पुस्तिका काढली. बिगेलो आणि हॉवर्ड या विभागातील दोन रसायनज्ञांनी ती लिहिली होती आणि घरच्या घरी भेसळ कशी ओळखावी हा तिचा विषय होता. लोणी चमच्यात घेऊन दिव्यावर धरायचे. खरे लोणी भरपूर फेसाळत पण फारसा आवाज न करता उकळते, बनावट लोणी तडतडते आणि फेस अगदी थोडा येतो. मांसात टाकणखार आहे का हे पाहण्यासाठी हळदीच्या अर्कात बुडवून वाळवलेला कागद वापरायचा. मांसाच्या अर्कात थोडे आम्ल घालून तो कागद त्यात भिजवायचा आणि वाळवायचा; तो लालसर झाला आणि नंतर अमोनियाच्या थेंबाने काळपट हिरवा पडला तर टाकणखार आहे. कुंकू तयार करताना हळदीवर टाकणखार आणि लिंबाची प्रक्रिया करणाऱ्या आपल्या देशाला या चाचणीत नवल वाटू नये. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानेही घरगुती चाचण्यांची अशीच पुस्तिका काढलेली आहे. ज्याला प्रयोगशाळा परवडत नाही त्यालाही तपासायला शिकवायचे, ही दृष्टी वायली यांच्या विभागात शंभर वर्षांपूर्वी होती.

१९०६ च्या प्रारंभी अप्टन सिंक्लेअर यांची शिकागोच्या कत्तलखान्यांवरील ‘द जंगल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली आणि लोकक्षोभाची लाट उसळली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी नेमलेल्या चौकशीत कादंबरीतील वर्णनांना दुजोरा मिळाला. ३० जून १९०६ रोजी रूझवेल्ट यांनी मांस तपासणीचा आणि शुद्ध अन्न व औषधांचा असे दोन्ही कायदे सही करून मंजूर केले. दुसऱ्या कायद्याला लोक वायली कायदा म्हणू लागले. १ जानेवारी १९०७ पासून तो अमलात आला.

आता परीक्षा होती ती माणसांची. मुलकी सेवेची स्पर्धा परीक्षा घेऊन अन्न आणि औषध निरीक्षकांची पहिली तुकडी निवडण्यात आली. सगळ्या देशासाठी ती तीस जणांचीही नव्हती. केंटकीचा वॉल्टर कॅम्बेल नावाचा तरुण वकील तिच्यात निवडला गेला आणि वायली यांनी त्याला मुख्य निरीक्षक केले. रसायनज्ञाने आपल्या निरीक्षकांवर वकील नेमावा, यात वायली यांची जाण दिसते. कायद्याची रचनाच तशी होती. निरीक्षकाने माल खरेदी करायचा, नमुना मोहोरबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवायचा. प्रयोगशाळेने दोष दाखवला तर ज्याच्याकडून नमुना घेतला त्याला नोटीस देऊन आपली बाजू मांडू द्यायची. आणि मग प्रकरण सरकारी वकिलाकडे जायचे. यातली एक कडी निसटली की खटला संपला. बाटली कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, मोहोर कोणी फोडली, माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेल्याचा पुरावा कोणता, हे प्रश्न रसायनशास्त्राचे नव्हते, तरी सगळे रसायनशास्त्र त्यांच्यावर अवलंबून होते. निरीक्षकाला बाजारही समजावा लागे, कारखानाही समजावा लागे. आणि कारखान्यात सक्तीने शिरण्याचा अधिकार त्याला कायद्याने दिलेलाच नव्हता. मालकाने आत घेतले तर जायचे, नाहीतर दारातून परतायचे. अन्नाची कायदेशीर मानके ठरवण्याचा अधिकारही विधेयकातून गाळला गेला होता. वायली यांच्या हाती आलेले शस्त्र असे बरेचसे बोथट होते.

भारतात शंभर वर्षांनी, २००६ मध्ये, अन्न सुरक्षा व मानके कायदा झाला. अन्न सुरक्षा अधिकाऱ्याला ठरावीक प्रशिक्षण बंधनकारक करण्यात आले आणि पुढे अन्न व्यावसायिकांच्या पर्यवेक्षकांनाही प्रशिक्षण देण्याची योजना आली. ज्या गोष्टींसाठी वायली यांना भांडावे लागले त्यांपैकी बऱ्याच इथे कायद्यातच लिहिलेल्या आहेत.

कायदा अमलात येताच वायली यांची पडती सुरू झाली. लेबल खोटे आहे हे सिद्ध करण्यावर ते थांबले असते तर कदाचित वेगळे घडले असते. पण परिरक्षक रसायने अन्नात मुळी असूच नयेत, थोडीही नकोत, अशी त्यांची भूमिका आता पक्की झाली होती. किती प्रमाणात अपाय होतो, हा प्रश्नच त्यांना मान्य नव्हता. एच. जे. हाइन्झ यांच्यासारख्या काही उत्पादकांनी बेंझोएटशिवाय केचप करून दाखवले आणि वायली यांना पाठिंबा दिला. बाकीचे थेट राष्ट्राध्यक्षांकडे गेले. १९०८ च्या एका बैठकीत सॅकरीनचा विषय निघाला तेव्हा, ते घातलेला मका खाणाऱ्याला आपण साखर खातो असे वाटते, प्रत्यक्षात तो आरोग्याला घातक पदार्थ खात असतो, असे वायली मध्येच बोलून गेले. रूझवेल्ट यांना त्यांचे डॉक्टर रोज सॅकरीन देत होते. राष्ट्राध्यक्षांचा पारा चढला. लवकरच आयरा रेमसन यांच्या अध्यक्षतेखाली शास्त्रज्ञांचे एक सल्लागार मंडळ नेमले गेले. सॅकरीनचा शोध रेमसन यांच्याच प्रयोगशाळेत लागला होता, हे वायली यांचे समर्थक कधी विसरले नाहीत. १९०९ मध्ये या मंडळाने, अल्प प्रमाणातील सोडियम बेंझोएट आरोग्याला अपायकारक नाही, असा निर्वाळा दिला. त्यांच्या चाचण्या वायली यांच्या तळघरातील चाचण्यांपेक्षा काटेकोर होत्या. या प्रश्नावर काळानेही कौल मंडळाच्याच बाजूने दिला. बेंझोएट आज भारतासह अनेक देशांत मर्यादित प्रमाणात चालते. टाकणखार आणि फॉर्माल्डिहाइड यांच्याविषयी मात्र वायली बरोबर होते.

कोका-कोलाचा खटला त्यांच्या हट्टाचे दुसरे उदाहरण. १९०९ मध्ये टेनेसी राज्यातील चॅटानूगा येथे कोका-कोलाच्या पाकाची चाळीस पिंपे आणि वीस लहान पिंपे जप्त करण्यात आली. त्यातील कॅफीन हा घातक जादा घटक आहे, असे सरकारचे म्हणणे होते. चहा-कॉफीत कॅफीन निसर्गतःच असते आणि मुलांच्या हाती पडणाऱ्या गोड पेयात ते मुद्दाम घातले जाते, हा वायली यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९११ मध्ये खटला उभा राहिला. कंपनीने हॅरी हॉलिंगवर्थ या मानसशास्त्रज्ञाकडून कॅफीनवर जो अभ्यास करून घेतला तो नियंत्रित प्रयोगाचा नमुना म्हणून आजही सांगितला जातो. सरकारपाशी त्या तोडीचे काही नव्हते. खालच्या न्यायालयात सरकार हरले. १९१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला, पुढे तडजोड झाली आणि कंपनीने कॅफीनचे प्रमाण घटवले. तोपर्यंत वायली पदावर राहिले नव्हते.

१९११ मध्येच त्यांना घालवण्याचा उघड प्रयत्न झाला. हेन्री रस्बी या औषधी वनस्पतींच्या तज्ज्ञाला कायद्याने ठरलेल्या दरापेक्षा अधिक मानधन देण्याची पळवाट त्यांच्या विभागाने काढली, असा आरोप ठेवला गेला. वृत्तपत्रे वायली यांच्या बाजूने उभी राहिली, संसदीय चौकशी झाली आणि राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी त्यांना दोषमुक्त केले. पण खात्यातला त्यांचा अधिकार केव्हाच पोखरला गेला होता. त्यांनी धाडलेली प्रकरणे वरच्या मंडळात अडत, अहवाल छापले जात नसत. १५ मार्च १९१२ रोजी, एकोणतीस वर्षांच्या नोकरीनंतर, त्यांनी राजीनामा दिला.

त्याआधी वर्षभर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांनी लग्न केले होते. ॲना केल्टन यांना त्यांनी दहा वर्षांपूर्वी मागणी घातली होती, तेव्हा नकार आला होता. वयाने त्या निम्म्याने लहान आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत आघाडीवर होत्या. १९१७ मध्ये व्हाइट हाउससमोर निदर्शने केल्याबद्दल त्या तुरुंगात गेल्या, तेव्हा पतीचा त्यांना पाठिंबा होता. या दांपत्याला दोन मुलगे झाले.

राजीनाम्यानंतर वायली ‘गुड हाउसकीपिंग’ मासिकाच्या अन्न व आरोग्य विभागाचे प्रमुख झाले आणि अखेरपर्यंत तिथेच लिहीत राहिले. बाजारातल्या मालाची प्रयोगशाळेत तपासणी करून त्याचा निकाल वाचकांपुढे ठेवायचा, हे काम इथे कोणाच्या परवानगीशिवाय करता येत होते. १९२९ मध्ये त्यांनी अन्न कायद्याच्या पायमल्लीवर एक कडवट पुस्तक लिहिले. त्यात जुन्या विरोधकांपैकी कोणाला त्यांनी माफ केलेले नाही आणि स्वतःच्या प्रयोगांविषयी तिळमात्र शंका घेतलेली नाही.

३० जून १९३० रोजी, कायद्यावर सही झाली त्याच तारखेला, बरोबर चोवीस वर्षांनी वॉशिंग्टनमध्ये त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. त्यांच्या रसायन विभागातून वेगळ्या झालेल्या अंमलबजावणी शाखेला त्याच वर्षी अन्न व औषध प्रशासन हे आजचे नाव मिळाले. तिचे प्रमुख होते वॉल्टर कॅम्बेल, पहिल्या तुकडीचे मुख्य निरीक्षक.

१९३७ मध्ये टेनेसीतील एका कंपनीने सल्फानिलमाइड हे औषध डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून बाजारात आणले आणि शंभराहून अधिक माणसे, त्यांत अनेक मुले, दगावली. विषारी औषध विकण्याबद्दल कारवाई करता येईल असे १९०६ च्या कायद्यात काहीच नव्हते. बाटलीवर ‘एलिक्झिर’ असा शब्द होता, त्याचा अर्थ औषध मद्यार्कात विरघळवलेले असा होतो, आणि मद्यार्क तर त्यात नव्हताच. लेबल खोटे होते. या एकाच आधारावर कॅम्बेल यांनी आपले जवळजवळ सगळे निरीक्षक आणि रसायनज्ञ, दोनशेहून अधिक माणसे, रस्त्यावर उतरवली. कंपनीच्या विक्रीच्या नोंदी, औषधविक्रेत्यांची बिले, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या तपासत ती गावोगाव, घरोघर गेली आणि तयार झालेल्या सुमारे दोनशे चाळीस गॅलनांपैकी थोडेसे वगळता सारा साठा त्यांनी परत मिळवला. पुढच्याच वर्षी नवा कायदा झाला आणि कारखान्याच्या दारातून आत जाण्याचा अधिकार निरीक्षकाला मिळाला.